मूळ प्रत पाहिल्याशिवाय

जगातली प्रत्येक गोष्ट खोटी असते आणि आपण खरी आहोत हे त्या गोष्टीने स्वतः सिद्ध करायचं असतं, असं मानणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो दर शुक्रवारी दुपारी आमच्या कुवेतमधल्या मंगफच्या घरी जेवायला येत असे. माझ्या नवऱ्याचे हे मामेभाऊ. नात्याने धाकटे दीर, म्हणून मी त्यांना भावोजी म्हणते. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो, इमारतीला चांगली लिफ्ट आहे, आणि भावोजी जिन्याने येत. कारण लिफ्टमधल्या तपासणीच्या चिठ्ठीवरची सही त्यांना "फार घाईत केलेली" वाटली होती. घरात आल्यावर पाण्याची बाटली स्वतःच्या हाताने उघडायची आणि झाकणाचा 'कट्ट' आवाज ऐकायचा हा पुढचा विधी. एकदा आवाज आला नाही. "वहिनी, ही उघडलेली आहे." "अहो, मीच आत्ता उघडून ठेवली." "तेच म्हणतोय मी," असं म्हणून त्यांनी दुसरी बाटली मागितली.

कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे आमच्या किराणा दुकानात, ते दूध घ्यायला शिरले की दुकानदार काही न बोलता मागच्या रांगेतला, ताज्या तारखेचा डबा काढून द्यायचा. फाहाहीलच्या मासळी बाजारात सुरमईचे कल्ले उघडून इतका वेळ बघायचे, की शेजारची गिऱ्हाइकं रांग सोडून दुसरीकडे जायची. आमच्या गाडीत बसण्याआधी चारही टायरांजवळ उकिडवे बसून मोबाइलच्या उजेडात टायर कधी बनला ते वाचायचे. कुवेतच्या उन्हात टायर नुसता उभा राहूनही म्हातारा होतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही हळदीकुंकवाला निघालेलो, मी नेसून उभी, आणि हे चौथ्या चाकापाशी. माझा नवरा शेवटी ओरडला, "अरे, गाडीत बस! तिचं लग्न नाही लावून देत तुझ्याशी!" लग्नाचा विषय निघाला म्हणून सांगते, एका स्थळाकडे त्यांनी मुलीच्या पदवीची मूळ प्रत मागितली होती. मुलीच्या वडिलांनी उलट कळवलं, की आधी तुम्ही खरे आहात याचा दाखला पाठवा. भावोजी कित्येक दिवस त्या वडिलांचं कौतुक करत होते. "काय माणूस होता! तिथेच व्हायला पाहिजे होतं." झालं नाही. चाळिशीला दोन वर्षं उरली, तरी भावोजी अबू हलीफात गुहागरच्या एका सुताराबरोबर खोली करूनच राहत होते.

या स्वभावाचं खापर मी त्यांच्या नोकरीवर फोडत असे. शुवैखच्या एका वर्कशॉपमध्ये ते वेल्डिंगचे तपासनीस होते. लोखंडी पाइप आला की त्याच्या अंगावर एक नंबर ठोकलेला असतो आणि तोच नंबर कारखान्याच्या दाखल्यावर असतो. पाइपजवळ जायचं, बोटाने धूळ पुसायची, नंबर वाचायचा, कागदाशी जुळवायचा, आणि जुळला तरच पाइप आत घ्यायचा. हे त्यांनी पंधरा वर्षं केलं. मी स्वतः मीना अब्दुल्लातल्या एका कंत्राटदाराकडे कागदपत्रं सांभाळते, त्यामुळे कागद जुळण्याचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको. माझ्या घरात फ्रिजवर यादी असते, गाडीत यादी असते, आणि याद्या कुठे ठेवल्या आहेत त्याची एक यादी पर्समध्ये असते. पण मी आठवड्याला दोन दिवस सुट्टी घेते. भावोजींच्या संशयाला सुट्टी नव्हती.

मग त्यांच्या खोलीतल्या सुताराचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तो हॉस्पिटलमध्ये होता तेवढे दिवस भावोजी भेटीची वेळ सुरू होताना पहिले आत जात आणि संपताना शेवटचे बाहेर येत. पहिल्या शुक्रवारी ते जेवायला आले तेव्हा पानावरची सोलकढी तशीच होती. एरवी प्रत्येक वाटीचा आधी वास घेणाऱ्या माणसाने तिचा वासही घेतला नव्हता! मला वाटलं सुताराचं काही बरंवाईट झालं.

"वहिनी, तिथे एक केरळची सिस्टर आहे," ते म्हणाले.

माझ्या नवऱ्याने डोळे मिचकावले. मी मनातल्या मनात यादीला सुरुवात केली: हॉल, गुरुजी, परतीची तिकिटं.

"दर वेळी औषध द्यायला आली की त्याला नाव विचारते. पूर्ण नाव. मग मनगटावरचा पट्टा वाचते, मग कागद वाचते, मग गोळी देते. चार दिवस तोच पेशंट, तोच पलंग. हा वैतागला, म्हणाला, 'सिस्टर, आपको मालूम है ना मेरा नाम?' ती म्हणाली, 'मालूम है. फिर भी बोलो.'" भावोजींनी हात जोडले. "दादा, अख्ख्या आयुष्यात मला आपल्यातलं कुणी भेटलं असेल तर ती बाई."

"मग? विचारू का घरी?" नवरा म्हणाला.

"तिचं लग्न झालंय. दोन मुलं आहेत. मी वेगळंच म्हणतोय. मला ते काम करायचंय."

नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. "तू? नर्स? पेशंट म्हणाला दुखतंय, तर तू पुरावा मागशील!" मी हसले नाही, पण मलाही संशय आला. माणूस चाळिशीला आला की कुणी गिटार आणतं, कुणी सायकल. हे त्यातलंच काहीतरी असणार. मी वहीत लिहिलं, 'भावोजी: महिनाभर थांबावं. उतरेल.'

ते उतरलं नाही. पुढच्या शुक्रवारी ते फाइल घेऊनच आले. आधीची कुठलीही पदवी असलेल्यांना नर्सिंगची पदवी कमी वेळात, दीड-दोन वर्षांत देणारे अभ्यासक्रम परदेशात असतात. त्यांची माहिती त्यांनी गोळा केली होती. "वहिनी, तुम्ही तक्ता करा. तपासणी मी करतो." यात किती धोका आहे ते मला तेव्हा नीट कळलं. शिकायला जायचं तर नोकरी सोडावी लागणार; नोकरी सुटली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द. साठवलेलं सगळं फीमध्ये जाणार. कॉलेज चुकीचं निघालं, त्याच्या पदवीवर नर्सची नोंदणीच मिळाली नाही, तर चाळिशीच्या या माणसाकडे ना जुनं काम राहणार, ना नवं. त्या दिवसापासून माझा संशय भावोजींवरून उडून कॉलेजांवर बसला. मी तक्ता आखला: मान्यता कुणाची, नोंदणी कुठे चालेल, हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम किती तास, तिथली जागा कॉलेज देणार की आपण शोधायची, गळती किती, नापास किती.

पुढचे चार-पाच महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर कॉलेजं येत राहिली आणि बाद होत राहिली. एक कॉलेज संपूर्ण घरबसल्या नर्सिंग शिकवणार होतं. भावोजींनी पत्र पाठवून विचारलं, की शीर स्क्रीनवर शोधायची का. उत्तर आलं नाही. दुसऱ्याच्या जाहिरातीतली हसरी नर्स आणि तिसऱ्याच्या जाहिरातीतली हसरी नर्स एकच निघाली; दोन्ही बाद. मग एक एजंट भेटला. त्याच्या ऑफिसात मी सोबत गेले होते. गुळगुळीत कागदाचं पुस्तक पुढे सरकवून तो म्हणाला, "सर, हंड्रेड परसेंट रिझल्ट. आज तक एक भी फेल नहीं. आप बस साइन कीजिए." भावोजी लगेच उठले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "ज्या वेल्डरच्या फाइलीत एकही दुरुस्ती नाही, त्याची फाइल खोटी. माणूस काम करतो म्हणजे कुठेतरी वेल्डची शिवण चुकते. चुकलेली सापडते, कापतात, पुन्हा घालतात, तसं लिहून ठेवतात. मी दुरुस्त्या बघून वेल्डर निवडतो, वहिनी." तक्त्यात मी तसा एक रकाना वाढवला: दुरुस्त्या.

त्या रकान्यात पहिली नोंद झाली ती ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावच्या कॉलेजची. भावोजींच्या त्रेपन्न प्रश्नांना तिथल्या अभ्यासक्रम चालवणाऱ्या बाईंनी क्रमवार उत्तरं दिली होती. पहिल्या सहामाहीत काही जण सोडून जातात, असं लिहिलं होतं. तुमची पदवी इंजिनिअरिंगची, तेव्हा शरीरशास्त्राचा विषय आधी पूर्ण करावा लागेल. अभ्यास सांभाळून नोकरी जमेल असं समजू नका. मागच्या तुकडीच्या वेळी एका हॉस्पिटलने आयत्या वेळी जागा नाकारली, मुलांना दूरच्या गावी पाठवावं लागलं, ती आमची चूक होती, आता दोन ठिकाणी आधीच लेखी घेतो. भावोजींनी ते पत्र दोनदा वाचलं आणि अगदी हळू म्हणाले, "दुरुस्त्या दिसतायत."

तरी लगेच विश्वास ठेवतील तर ते भावोजी कसले! तिथे शिकून गेलेल्या एका मुलाला त्यांनी फोन लावला आणि बाईंना विचारलेलाच प्रश्न त्यालाही विचारला: गाडी लावल्यापासून वॉर्डात पोचायला किती मिनिटं लागतात? बाई दहा म्हणाल्या होत्या, मुलगा वीस म्हणाला. मी निराश झाले. भावोजी खूश. "पढवलेला असता तर त्यानेही दहाच सांगितलं असतं." नोंदणीचं त्यांनी कॉलेजला विचारलंच नाही; परस्पर नोंदणी करणाऱ्या मंडळाकडून लेखी मागवलं. ते जुळलं. माझ्या तक्त्यात प्रथमच एक ओळ पूर्ण भरली.

आणि अर्ज मात्र जाईना. एक शुक्रवार गेला, दोन गेले. मुदत संपायला नऊ दिवस उरले तेव्हा मी सरळ विचारलं, "आता कुणाचा संशय आहे?"

भावोजी बाटलीच्या झाकणाशी खेळत होते. "कॉलेज पास झालं, वहिनी. उमेदवाराची तपासणी राहिलीय." मला कळेना. "मी आयुष्यभर लोखंड तपासलं. लोखंड रडत नाही. उद्या समोर माणूस रडायला लागला, आणि मी नुसता कागद घेऊन उभा राहिलो तर? दादा चेष्टेत बोलला, पण खरंच पुरावा मागितला तर?"

नवऱ्याने मान खाली घातली. मी वही उघडली. तपासणी राहिली असेल तर ती करायची, त्यात विचार कसला करायचा? दुसऱ्या दिवशी मी सुताराला फोन लावला आणि म्हटलं, तुमच्या आजारपणात हे कसे वागले ते सांगा, चांगलं-वाईट दोन्ही.

"वाईट आधी सांगतो," सुतार म्हणाला. "ताप मोजून मोजून जीव खाल्लान माझा. गोळी उजेडात धरून वाचायचा. आमटीत मीठ किती ते पण लिवलान. मी म्हटलं, बाबा, मी काय पाइप हाय?"

"आणि चांगलं?"

"घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या मला. टाका तुटला असं वाटलं. पोरांची नावं घेऊन रडलो, वहिनी, सांगायला लाज नाय. ह्यानं वही बाजूला ठेवलान. हात धरलान. सगळं धुतलान, पुसलान. एक प्रश्न विचारलान नाय. मी झोपल्यावरच वही पुन्यांदा उघडलान असंल."

मी ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. शुक्रवारी तक्त्याच्या शेवटी एक नवी ओळ घातली, 'उमेदवार', आणि दुरुस्त्यांच्या रकान्यात लिहिलं, 'जीव खातो.' शेऱ्यात लिहिलं, 'मूळ प्रत पाहिली. खरी आहे.' खाली सही केली, तारीख घातली. भावोजींनी कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, माझी सही निरखली, आणि कागद फाइलीला लावला. अर्ज त्याच दुपारी आमच्या टेबलावरून गेला.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. निघताना विमानतळावर जायला आमच्या गाडीत बसले, ते टायर न बघता बसले, आणि मलाच चुकल्यासारखं वाटलं. शुक्रवारी दुपारी आता आम्ही दोघंच जेवतो. बाटली उघडली की 'कट्ट' आवाज होतो आणि नवरा माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. बकाल्यात दुकानदार अजून मागच्या रांगेतला डबा देतो. मी काही मागितलेलं नसतं.

तिकडे संध्याकाळ झाली की त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. निळ्या कपड्यात ते आणखी बारीक दिसतात. पहिल्या सहामाहीत दोघं सोडून गेले, हे नाहीत. चित्र स्थिर झाल्यावर ते खुशाली विचारत नाहीत. "वहिनी, पूर्ण नाव?" असं विचारतात. सुरुवातीला मी रागावले होते. "अहो, माहीत नाही का तुम्हाला?"

"माहीत आहे, वहिनी. तरी सांगा."

मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं सावकाश सांगते.