दुसऱ्याच्या दारातला बाजा

बोट सुटायच्या दिवशी धक्क्यावर आई, धाकटी बहीण शालू आणि माझा दोस्त फ्रान्सिस असे तिघेच आले होते. बाबा आले नाहीत. रात्रपाळी करून आले होते आणि वरळीच्या आमच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत कॉटवर बसून होते. मी वाकून नमस्कार केला तेव्हा पाय मागे घेतले नाहीत, एवढंच. "पोचलास की आईला कळव," म्हणाले. आईला. मी कुठल्या कामावर चाललोय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. विलायतेच्या बोटीवर साहेबलोकांच्या नाचासाठी बँड असायचा, त्यात ड्रम वाजवायला मी निघालो होतो. आईने हातात डबा दिला आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. मला रडू आलं नाही. डोक्यात राग इतका होता की रडायला सवडच नव्हती.

हे लिहितोय ते तिथे राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखं उठून आलेल्यांसाठीही. इकडे बर्मिंगहॅमला आम्ही मराठी मंडळी वीकेंडला जमलो की एकेकाला उमाळे फुटतात. मातीचा वास काय, अंगण काय, तुळस काय. माझ्या वाट्याला कसली आलीय माती? बीडीडीत सगळं सिमेंट. एक खोली, नळावर रांग, गॅलरीत वाळत घातलेले कपडे. त्या खोलीवर माझा जीव होता आणि ती मला सोडावी लागली. कारण विचाराल तर हसाल. बाज्यापायी सोडावी लागली.

आमचं गाव रत्नागिरीकडे. ढोल, टिमकी, सनई असा गावचा खालू बाजा वाजवणं हे आमच्या वाडीच्या गळ्यात बांधलेलं काम. लग्न कोणाचंही असो, शिमग्याची पालखी निघो, वाजवायचं आम्ही. लग्नात मांडवाबाहेर उभं राहायचं, आणि जेवायला मिळायचं ते सगळ्या पंगती उठल्यावर, मागच्या बाजूला, उरलंसुरलं. बाबा मिलमध्ये लागले तरी शिमग्याला रजा टाकून गावी जायचे, कारण त्यांच्यासारखा ढोल पंचक्रोशीत कोणी वाजवत नव्हतं. मग आम्ही धम्मदीक्षा घेतली. वाडीने आणि मुंबईतल्या आमच्या मंडळाने मिळून ठरवलं की यापुढे दुसऱ्याच्या दारात बाजा वाजवायचा नाही. हे मांडणाऱ्यांत बाबा सगळ्यांत पुढे. गावाने वाडीच्या वाटा अडवल्या, तरी माघार नाही. बाबांनी ढोल माळ्यावर टाकला तो कायमचा.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. लालबाग-परळला आज सभा तर उद्या मोर्चा, आणि गोळीबाराच्या बातमीने आयाबाया गॅलरीत येऊन उभ्या. बाबा मोर्च्यात असायचेच. एकदा मिलमधल्या एका पुढाऱ्याने त्यांना सांगितलं, "धोंडू, मोर्च्याच्या पुढे तुझा ढोल पायजे. लोकांना चेव येईल."

बाबा म्हणाले, "ढोल तू उचल. मी झेंडा धरतो."

पुढारी हसला, बाबा हसले नाहीत. झेंडा काही त्यांच्या हातात आला नाही. मधल्या रांगेत घोषणा देत ते गिरगावपर्यंत चालत गेले आणि घसा बसवून घरी आले. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं तेव्हा माझी छाती फुगली होती.

पण त्याच बापाचा हात माझ्यात उतरला होता, त्याला मी काय करू? पत्र्याच्या ट्रंकेवर मी बोटं चालवायला लागलो की बाबा ओरडायचे, "बंद कर ते." आणि ताल चुकला की त्यांचीच मान नकारार्थी हलायची. आई म्हणायची, "माळ्यावर टाकला तरी रक्तातून कुठं जातोय?"

मी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होतो, तिथे फ्रान्सिस माझ्या शेजारी उभा राहायचा. मूळचा गोव्याचा, राहायला दादरला. गिटार वाजवायचा. त्याने अजून दोघं जमवले आणि मला ड्रमवर बसवलं. तेव्हा रॉक अँड रोल नवीन आलं होतं. रेकॉर्ड लावायची, पुन्हा लावायची, आणि हुबेहूब तसं वाजवायचं, हेच आमचं शिक्षण. गाणाऱ्याला शब्दांचा अर्थ निम्मा कळायचा, मला तेवढाही नाही. एका रेकॉर्डवर चरा पडला होता, सुई तिथे उडी मारायची. आम्हाला वाटलं गाणंच तसं आहे. आम्हीही तिथे उडी मारायचो आणि नाचणाऱ्या जोड्या एकमेकांच्या पायावर पडायच्या. फ्रान्सिस म्हणायचा, "त्यांना डान्स येत नाय, आपण बरोबर आहे."

परळच्या रेल्वेवाल्यांच्या हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवलं त्या संध्याकाळचं सुख मी कुणाला सांगू? अंगात उसना कोट, समोर पन्नासेक माणसं नाचतायत, आणि ती माझ्या काठीवर नाचतायत. गाणं संपलं की लोक येऊन हात मिळवायचे. कोणी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मला वाटलं, बाबा, तुम्ही सोडलात तो बाजा वेगळा आणि हा वेगळा. ह्यात मान आहे.

घरी कळलं तेव्हा बाबांनी दोन दिवस तोंड उघडलं नाही. मंडळाची माणसं त्यांना विचारत होती, धोंडूभाऊ, दुसऱ्यांच्या पोरांना नियम आणि तुमच्या पोराला मोकळीक? त्यांची मान खाली जात होती आणि मला ते दिसत होतं. म्हणून मीच म्हटलं, एकदा येऊन बघा. तुमच्या डोळ्यांनी बघा, मग काय ते बोला.

बाबा आले. गिरगावात, चौपाटीजवळ एका शेटजींच्या मुलाचा साखरपुडा होता, गच्चीवर दिवे लावले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाबा पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले. आम्ही वाजवलं, आणि काय वाजवलं. शेटजींचा मुलगा पुन्हा-पुन्हा तेच गाणं मागत होता. मी टाकीकडे बघितलं तर बाबांची बोटं मांडीवर चालली होती. माझ्या तालावर. चाळीतला सगळा अबोला त्या बोटांनी फेडला असं मला वाटलं. जिंकलो, म्हटलं.

मग जेवणं सुरू झाली. आम्ही कोट सारखे करत पुढे सरकलो तसा शेटजींचा माणूस आडवा आला. "बँडवाले, तुमचं मागून. पाव्हणे उठू देत. आणि इथं नको, मागच्या जिन्यात बसा." अगदी सहज म्हणाला, त्यात त्याला काही वाईट बोलल्यासारखंही वाटलं नाही. आम्ही सवयीने मागच्या जिन्यात जाऊन बसलो, कारण ते प्रत्येक ठिकाणी तसंच असायचं. मी त्याच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. बऱ्याच वेळाने पत्रावळी आल्या, त्यांत गार पुऱ्या आणि तळाची भाजी. पहिला घास घेतला आणि वर बघितलं तर जिन्याच्या तोंडाशी बाबा.

"पंगत उठल्यावर वाढलं काय?"

मी म्हटलं, "बाबा, सगळ्याच बँडवाल्यांना असंच असतं. फ्रान्सिसलाही तसंच. ह्यांनी जात विचारली नाही."

"इचारली नाय खरी," बाबा म्हणाले. "इचारायची गरज काय पडली त्यांना?"

फ्रान्सिस सरकून म्हणाला, "अंकल, बसा ना, आमच्याबरोबर खा." बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जेवून आलोय म्हणाले आणि जिना उतरून गेले. ते जेवून आले नव्हते. मी मात्र पत्रावळ संपवली. भूक होती आणि संतापही होता, दोन्ही गिळलं.

दुसऱ्या दिवशी बाबा एवढंच म्हणाले, "ते तरी ठेव, नायतर हे घर तरी." आई मध्ये पडली, शालू रडली. मी म्हटलं, "तुम्ही दुसऱ्याच्या दारातून उठलात, आणि आता मला आपल्या दारातून उठवताय." मी कपडे घेतले आणि दादरला फ्रान्सिसकडे राहायला गेलो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असले की भांडण मिटत नाही, आमचं तसंच झालं.

त्यानंतर महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. रोषणाई बघायच्या निमित्ताने मी दादरहून वरळीला चालत गेलो. चाळीच्या खाली गर्दी, बाबा हातात ताट घेऊन पेढे वाटत होते. माझ्यासमोर आले. सगळ्यांना दिला तसा मलाही एक दिला आणि पुढच्या माणसाकडे वळले. सगळ्या जगाला राज्य मिळालं त्या दिवशी, आणि मला माझ्याच बापाकडून परक्याचा पेढा. तो गोड लागला असं मी खोटं सांगणार नाही. थोड्याच दिवसांत फ्रान्सिसच्या ओळखीने बोटीचं काम मिळालं आणि मी निघालो.

इंग्लंडला उतरलो तो उतरलोच. फाउंड्रीत लागलो, भट्टीसमोर शिफ्ट. शनिवारी पबमध्ये पोरांचा बँड असायचा, रेकॉर्डवरची तीच गाणी वाजवायचे. एकदा त्यांचा ड्रमर आला नाही, मी उठलो आणि त्याच्या जागी ड्रमवर बसलो. ते चऱ्याचं गाणं निघालं. मी नेमकी तिथे उडी मारली. अख्खा पब हसला. गोऱ्यांच्या देशात येऊन कळलं की आम्ही ते गाणं इतकी वर्षं चुकीचं वाजवत होतो. पुढे काही वर्षांनी इंडियन गोष्टींची हवा आली तेव्हा त्याच पोरांनी मला बोलावलं. म्हणाले, ड्रम राहू दे, तुझ्या गावचा ढोल असेल ना, तो आण, तेवढाच मध्ये वाजव. मी नाही म्हटलं. का ते त्यांना समजावलं नाही. त्यानंतर मी काठी हातात धरली नाही.

बाबा गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही. आईही गेली. परवाच्या फेरीत शालूकडे, त्याच खोलीत उतरलो होतो. जयंतीचे दिवस. खाली चाळीचीच बेंजो पार्टी, ढोल, ताशे, आणि सगळी पोरं नाचत होती. शालूचा मुलगा मिलिंद गळ्यात ढोल अडकवून वर आला. घामाने निथळत होता, आनंदात होता. म्हणाला, "मामा, चला ना खाली. आई सांगते तुम्ही एक नंबर वाजवायचे."

मी विचारलं, "मंडळ काही म्हणत नाही? बाजा वाजवायचा नाही असा नियम होता ना?"

"कसला नियम?" तो म्हणाला. "आपलीच मिरवणूक, आपलाच ढोल. कोणी केलेला असला नियम?"

"तुझ्या आजोबांनी."

"का पण?"

मला वाटलं होतं, कधी हा प्रश्न कोणी विचारलाच तर माझी बाजू सांगेन. तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच. मांडवाबाहेर उभं राहणं सांगितलं, मागच्या बाजूची जेवणं सांगितली, अडवलेल्या वाटा सांगितल्या. गिरगावचा जिनाही सांगितला. बाबांनी एका वाक्याच्या पुढे कधी समजावलं नाही, ते सगळं मीच त्यांच्या वतीने बोलत होतो, आवाज चढवून.

मिलिंदने नीट ऐकून घेतलं. "मग आजोबांचं बरोबरच होतं," म्हणाला, आणि ढोल सावरत खाली गेला.

तुम्ही विचारता, इतक्या वर्षांनी घर म्हणजे काय वाटतं? त्या खोलीत माझी बाजू घेणारं आता कोणी उरलेलं नाही, आणि बाबांची बाजू घेणारा मी एकटाच उरलोय. तेच माझं घर.