झाकली मूठ मी उघडली

मद्रासमध्ये जन्म गेला तरी माझं तमिळ भाजीपुरतं आणि बसपुरतं. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. न अडखळता म्हणता येई असं एकच वाक्य होतं: "उडंबु सरियिल्लै." तब्येत ठीक नाही. ते मला माझ्या मुलानं शिकवलं. तो गिंडीच्या एका कारखान्यात लेथवर होता. पिऊन पडला की मुकादमाचा फोन यायचा, हा अंथरुणातून हातवारे करायचा आणि मी ते वाक्य म्हणायची. पुढे पुढे मुकादमच विचारायचा, "काय अम्मा, उडंबु?" आणि हसायचा.

एका वर्षी गणपतीच्या आधी, तो शुद्धीवर असताना, मी त्याला समोर बसवून सांगितलं, "पिऊन आलास तर दार उघडणार नाही. फोनवर खोटंही बोलणार नाही. न पिता ये, पोटभर वाढीन." तो म्हणाला, "बरं." त्याचं बरं मला ठाऊक होतं.

चतुर्थीला घर माणसांनी भरलेलं. तांबरमहून थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. आरती नुकतीच संपली आणि हा दारात उभा, एका पायात चप्पल नाही. मी जाळीच्या दाराला आतून कडी घातली.

"आई, उघड ना. सणाचा दिवस आहे."

"सण आहे हे गुत्त्यात शिरताना आठवलं नाही?"

"प्रसाद तरी दे."

"उद्या ये. न पिता. तुझे मोदक ठेवते."

जाऊबाईंनी माझा दंड धरला. "अगं, मागच्या दारानं घे आणि झोपव. झाकली मूठ सव्वा लाखाची!" मग पाहुण्यांकडे वळून गोड हसत म्हणाल्या, "उडंबु सरियिल्लै."

शेजारची तमिळ बाई भाबडी. ती लगेच उठली, मिरीचं रसम करून आणते म्हणाली. तिला कशाला चुलीपाशी उभी करायची?

"कुडिच्चिरुक्कान," मी म्हटलं. प्यायलाय. उच्चार कसे का असेनात, कळायला कुणाला अडचण पडली नाही. सगळे आपापल्या ताटाकडे बघू लागले.

"आईच ना गं तू त्याची?" जाऊबाई पुटपुटल्या.

"म्हणूनच. तुम्हाला एवढा कळवळा असेल तर न्या तांबरमला."

"आमच्याकडे कसा नेऊ? सुना आहेत घरात."

"मग मोदक वाढा."

त्यानं दारावर लाथा मारल्या, मला नको ते बोलला, पायरीवर बसला आणि निघून गेला. तुमच्या घशाखाली घास उतरला का, असं बायका अजून विचारतात. उतरला. सकाळपासून उपाशी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंघोळ करून आला. जाळीतूनच मी त्याच्या तोंडाचा वास घेतला, नासलंय का म्हणून दुधाचा घेतात तसा, आणि कडी काढली. मान खाली घालून जेवला. पुढच्याच आठवड्यात पुन्हा पिऊन आला, तेव्हा कडी काढली नाही.

मुकादमालाही मी खरं सांगायला लागले. नोकरी गेली. ती माझ्यामुळे गेली असं तो म्हणतो. म्हणू दे. न पिता येतो त्या दिवशी जेवतो, पिऊन येतो त्या दिवशी पायरीवर बसून मला शिव्या देतो. दोन्ही दिवशी मी घरातच असते.