पूजेत उभी केलेली गाडी

अक्षर गिचमिड आहे आणि काना-मात्रा चुकणार, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर मी बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घरी मागावर बसले, ती बसलेच. चार माणसांत बोलायला मला अजून भीती वाटते. प्रकाशबद्दल तोंडानं सांगणं जमलं नाही, म्हणून लिहिते. कणकुंबीच्या पुढे, गोव्याकडे उतरणाऱ्या घाटात माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडून वारला. फोन आला तेव्हा माग चालू होता, आवाजात नीट ऐकू आलं नाही. माग बंद करून मी पुन्हा विचारलं... अजून वाटतं, विचारलंच नसतं तर.

लांबच्या प्रवासाची मोठी मोटारसायकल घेऊन तो हौशी लोकांना बेळगावहून गोव्याला न्यायचा. तो पुढे, बाकीचे आपापल्या गाड्यांवर मागे. निघण्याआधी प्रत्येकाची गाडी तपासायचा. अशा गाड्यांची दुखणी ठरलेली असतात म्हणे. सामानाच्या ओझ्यानं साखळी सैल पडते, चढावर इंजिन तापतं. एकदा तो एका साहेबांना म्हणाला, "साहेब, तुमच्या टायरला पार टक्कल पडलंय बघा." साहेबांनी टोपी खाली ओढली, तेव्हा कुठे याच्या ध्यानात आलं. घरी येऊन सांगताना हसून हसून त्याला ठसका लागला होता.

दसऱ्याच्या तोंडावर कंपनीचा निरोप आला. त्या वेळी बनलेल्या सगळ्या गाड्यांत पुढच्या ब्रेकचा पाईप हँडल वळवताना घासतो, फाटू शकतो. गाडी आणा, फुकट बदलून देतो. शोरूमनं प्रकाशला नंबर दिला तो नेमका खंडेनवमीच्या सकाळचा. आमच्यात त्या दिवशी माग थांबतात, पूजेतली वस्तू दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. मी पहाटेच मागांबरोबर गाडीलाही हळदकुंकू वाहून हार घातला होता. तो किल्ली घेऊन आला.

"आक्का, जाऊन येतो. आलो की परत पूजेत हुबी करतो."

"न्हाय. माग थांबल्यात, कातर थांबलीया. तुझीच गाडी तेवढी राजाची व्हय रं?"

"राजाची न्हाय गं, हप्त्याची हाय." तो हसला, पण रेंगाळला. "ब्रेकचं काम हाय, आक्का."

"पूजा मोडून नेलीस तर माझ्याशी बोलू नगंस."

आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं होतं. त्यानं किल्ली देवापुढे ठेवली. पुढचा नंबर दिवाळीनंतरचा मिळाला, आणि त्याआधी ती गोव्याची फेरी आली. मागून येणारा एकजण म्हणतो, वळणावर ब्रेकचा दिवा लागला, पण गाडी थांबली नाही. पोलीस म्हणतात, वेग जास्त होता. गाडीचा असा चेंदामेंदा झाला, की पाईप आधी फाटला की पडल्यावर, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणजे मला कधीच कळणार नाही.

पुढच्या फेरीसाठी त्यानं काही जणांकडून आगाऊ पैसे घेतले होते. सगळे नको म्हणत होते, तरी साड्या विणून एकेकाचे परत केले. शेवटची राहिली निपाणीची एक मुलगी, तंबाखूच्या व्यापाऱ्याची. काल तिच्याकडे गेले. दारात तशीच गाडी उभी होती. मी न राहवून विचारलं, "बाई, हिचा पाईप बदललासा?"

"व्हय की. खंडेनवमीला सकाळीच प्रकाशअण्णांचा फोन आलता. म्हणाले, माझा नंबर मोकळा झालाय, तुम्ही जाऊन या. गेले, बदलून घेतला. दुपारच्या पूजेला घरात हजर!"

ही पोरगी वाचली, याचं बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्यालाही दुपारी परत येता येत होतं... एवढंच डोक्यात घुमत राहिलं. नंबर मोकळा का झाला, ते तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ती पैसे घेईना. मी तिच्या मुठीत कोंबले, मोजायला लावले. "सगळे हायत," ती म्हणाली. प्रकाशचं कुणाला काही देणं आता उरलं नाही. त्याच्यासाठी जायचं असं एकही घर उरलं नाही.