बत्तीस ओहमचे देवरे सर

हो हो, सरांच्या गौरव अंकात लिहिते की! पण नुसतं गोडगोड लिहा म्हणाल तर जमायचं नाय. देवरे सरांना पंच्याहत्तरी लागली म्हणून त्यांना काय पाकात बुडवायचं? चहात दुसरा चमचा साखर पडली तरी त्यांचं तोंड वाकडं होतं.

सरांची माझी पहिली गाठ जळक्या इस्त्रीवरून पडली. आमचे मालक गेल्यावर मी चांदवडकडचं गाव सोडून सातपूरला भावाकडं आले. सर आयटीआयातून रिटायर झालेले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमधी बायांना हीटर, मिक्सर दुरुस्ती शिकवायचे. मी इस्त्री त्यांच्या टेबलावर आदळली.

"बाई, मोजलं का?"

"काय मोजू? लग्नात नवरा सुदीक मोजून घेतला नाय."

सर हसले नाहीत. मीटर पुढं सरकवलं. "आता मोजा."

व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम, म्हणजे तार करंटला किती अडवते ते. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॉट, म्हणजे ताप किती निघतो ते. मी म्हणलं, "ओहम म्हणजे माझी सासूच की! ती उंबऱ्यात बसली की घरातनं कोण बाहेर जातंय?" बाया खिदळल्या. सर म्हणाले, "बरोबर आहे. वहीत लिहून ठेवा."

मी गावच्या शाळेत सातवीपातुर. भागाकाराला बिचकायचे, शहरातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. तर सर फळ्यावर मुद्दाम चुकायचे. मंग मान तिरकी करून म्हणायचे, "हिराबाई, बघा बरं, माझं काही चुकलंय का?" महिनाभर मला वाटायचं, काय हा मास्तर, साधं गणित येत नाय! नंतर कळलं, ते माझ्यासाठीच चुकायचे.

त्यांचा एक नेम होता. खेड्यातलं काम असलं की दोनदा मोजायचं. शेतातल्या मोटारा चालू असताना एकदा आणि बंद झाल्यावर एकदा. मोटारा चालू असल्या की व्होल्टेज पडतं, बंद झाल्या की उसळतं. "हिशेब नेहमी मोठ्या आकड्यावर करा. छोटा आकडा फसवतो," असं रोज म्हणायचे.

माझ्या गावाशेजारी मुलींचं वसतिगृह हाय. तिथला अंघोळीच्या पाण्याचा हीटर सरांनी स्वतः केला. मोटारा चालू असताना एकशे साठ व्होल्ट, पाच अँपिअर. म्हणजे बत्तीस ओहम, आठशे वॉट. मोटारा बंद झाल्यावर दोनशे चाळीस व्होल्ट, साडेसात अँपिअर, अठराशे वॉट. वायरिंग तेवढंच सोसणारं होतं. सगळं वहीत लिहून, खाली सही करून सर घरी आले.

पंधरा दिवसांनी हीटर पेटला. बोर्ड वितळला. स्वयंपाकाच्या सखूबाईंचा हात कोपरापातुर भाजला. कॉईलचे नुसते तुकडे पडलेले, मोजायला काय उरलं नाय. लोकांनी सरांना घेरलं. सर म्हणाले, "हिशेब माझा होता. चूक माझी." दुसऱ्या दिवशी शेडला कुलूप.

त्याला तीन वर्षं झाली. सर घरातला बल्बसुदीक बदलत नाहीत, शेजारच्यांना हाक मारतात. मी गेले की वही उघडतात.

"हिराबाई, दोनशे चाळीस भागिले साडेसात किती?"

"बत्तीस, सर."

"मग पेटलं कसं?"

एकदा म्हणलं, "सासू सरकली असंल उंबऱ्यातून." सर वहीकडं वळतात. पुन्हा भाग देतात, पुन्हा बत्तीस. म्हणतात, "डोकं गेलं माझं. चुकतंय कुठं तेच दिसेनासं झालंय. असल्या माणसानं शिकवू नये." ज्यांनी शेकडो बायांच्या हातात मीटर दिलं, त्यांचे हात आता मांडीवर पडून असतात. सरांच्या मंडळी, आमच्या काकू, दारापातुर सोडायला येतात आणि म्हणतात, "हिरे, तुझं ऐकतात गं. सांग ना त्यांना काहीतरी." मी "सांगते की, काकू" म्हणते आणि रिक्षात बसते. आता मला त्या गल्लीत शिरावंसं वाटत नाय.

सर, तुम्ही शंभरी गाठा. गुडघे, डोळे, दात, जे काय शाबूत हाय ते शाबूत राहो. काकूंनी तुम्हाला बिनसाखरेचा चहा तवर पाजत राहावं.

आता जे तोंडानं जमलं नाय ते इथं छापून घ्या. सर, तुमच्या वहीत चूक नाय. तुम्ही कॉईल बसवून गेलात, त्यानंतर आठवड्यानं मी गावाकडं गेले होते. सखूबाई म्हणाल्या, पाणी कोमटच येतंय. मीटर माझ्या पिशवीत होतंच. भर दुपारी, मोटारा चालू असताना, एकदाच मोजलं. एकशे साठ. पाणी कडक यावं म्हणून कॉईल अर्धी कापली. सोळा ओहम, दहा अँपिअर, सोळाशे वॉट. लय हुशार वाटलं मला. पुढच्याच आठवड्यात एका दिवशी मोटारा बंद असताना सखूबाईंनी हीटर लावला. दोनशे चाळीस आले, पंधरा अँपिअर, छत्तीसशे वॉट. सखूबाईंना मीच गप्प बसवलं. आणि तुम्ही सगळ्यांपुढं "चूक माझी" म्हणालात, तवा मी तुमच्या मागंच उभी होते.