बांगडी अडते तिथे

हजेरीवर सही करण्याआधी मॅडम उजव्या हातातली हिरवी काचेची बांगडी कोपराकडे सरकवायच्या. अडेल तिथे पेनाने ठिपका. आजचा ठिपका कालच्यापेक्षा मनगटाकडे आला, की हात सुजलाय असं समजायचं. तुम्ही असतात तर हसला असतात, मीही हसायचे.

बुलढाण्याच्या कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या, मी त्यांची प्रयोगशाळा सांभाळायचे. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात काखेतल्या लसीकेच्या गाठी काढल्या, तेव्हापासून त्या हातातलं पाणी उतरायला धड वाट नव्हती. हाताचा घेर मोजायला डॉक्टरांनी दिलेली टेप ड्रॉवरमध्ये पडून असे. मॅडम म्हणायच्या,

"टेप कितीबी ओढता येते. बांगडी लबाडी करत नाही."

वर्गात त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "सूज म्हणजे नुसती आग नाही पोरांनो, बांधकामही असतं." जखमेकडे धावलेल्या भक्षक पेशी जंतू तर खातातच, शिवाय असे संदेश सोडतात की नव्या लसीकावाहिन्या फुटतात, साचलेलं पाणी वाहून न्यायला.

एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, कॅन्सरची गाठबी असंच करते का?"

"हो. ती याच पेशींकडून वाट करून घेते, आणि तिथूनच पसरते." त्यांनी फळा पुसला. मग पुसलेलाच फळा पुन्हा पुसला.

एका सकाळी सरकवताना जोर जास्त लागला आणि बांगडी फुटली. ओरखडा एवढासा, पण दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत लाल. अंगात ताप. मला रडूच फुटलं.

"काऊन रडून राह्यली तू? पेशी कामावर आल्या. बांधकाम चालू हाय."

बोलताना त्या हाताकडे बघत नव्हत्या. ही सूज ओरखड्याची, की आजार परत आल्याची? दोघींच्याही मनात तेच होतं. उपचारासाठी नागपूरला निघताना डाव्या हातातली जोडीची बांगडी काढून त्यांनी मला दिली. "तुह्याजवळ ठेव. हात उतरला की हिनंच मोजू."

लाली आठवड्यात गेली. सूज राहिली, ती आजाराचीच निघाली. उन्हाळ्यात मॅडम गेल्या.

यंदा सुजेचा तो धडा नव्या सरांनी घेतला. चांगला घेतला, फक्त बांधकामाचं वाक्य आलं नाही. मी वर्गात मागे उभी होते. हातातली त्यांची बांगडी कोपराकडे सरकवली, दुसऱ्या हातात पेन तयार होतं. माझ्या धडधाकट हातावर बांगडी कुठेच अडली नाही आणि मला फार राग आला.