खडूमिस्त्री आणि सहाशे मीटर

शिरूरच्या आमच्या सायकलमिस्त्रींच्या कानावर पांढरा खडू असायचा. घाम पुसताना तो गालाला लागायचा आणि मिस्त्री दिवसभर एकाच गालाला पावडर लावल्यासारखे वावरायचे. गावात त्यांना सगळे खडूमिस्त्रीच म्हणत. मीही म्हणायचो; तोंडावर नुसतं मिस्त्री.

डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे बोट दाखवलं तेव्हा मी माउंटन बाइक घेतली आणि तिच्यासाठी काडेपेटीएवढा, अंतर मोजणारा मीटर मागवला. मिस्त्रींनी चुंबक चाकाच्या तारेला बसवलं, सेन्सर पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला बांधला. मीटरमध्ये चाकाचा घेर भरायचा होता. तो पुस्तिकेत छापलेलाच होता, म्हणून मी पान उघडून पुढे केलं. मिस्त्रींनी ते मिटून माझ्या खिशात घातलं.

"ह्यो रिकाम्या सायकलीचा आकडा. तुम्ही बसल्यावर टायर दबतंय का न्हाई? मंग? बसा."

कॉलेजात शिकवायला जायच्या कपड्यांत मी बसलो. त्यांनी टायरवर एक खूण केली, फरशीवर एक केली, मला धरून चाकाचा बरोबर एक फेरा ढकलला आणि पुन्हा खूण केली. असं तीनदा. मग गुडघ्यांवर बसून टेपने मोजलं. "मीटर आपल्या मनानं खोटं बोलत न्हाई, सर. आपुन शिकवतो त्याला."

माझं बघून आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमधल्या चौघांनी त्यांच्याकडूनच मीटर बसवून घेतले. नुसत्या पंक्चरवर दिवस काढणाऱ्या माणसाच्या दुकानात महागड्या सायकली उभ्या राहायला लागल्या. मिस्त्रींनी नवा स्टँड आणला, दुकानासमोर सडा मारायला लागले.

एका रविवारी आम्ही न्हावऱ्यामार्गे चौफुल्याच्या दिशेने गेलो. रस्ता नुकताच रुंद झाला होता. कडेच्या दगडांप्रमाणे वीस किलोमीटर झाले, तेव्हा पाचही मीटर सहाशे मीटर कमी दाखवत होते. आता एकाच वेळी पाच मीटर चुकतात म्हणजे चूक कुणाची? मला तर शोध लागल्याचा आनंद झाला. परतताना सगळ्यांना घेऊन मी थेट दुकानात गेलो.

"मिस्त्री, तुमच्या खडूनं आमचे सहाशे मीटर खाल्ले!"

सगळे हसले. मिस्त्रींनी विचारलं, "दगड कुणी मोजल्यात, सर?"

"सरकारनं. टेप घेऊन. खडू घेऊन नाही."

पुन्हा हशा झाला. मिस्त्री म्हणाले, "एकडाव मला घिऊन चला त्या रस्त्यानं." मी बघू म्हणालो आणि घरी जाऊन हाच विनोद ग्रुपवर टाकला. पुढच्या महिन्यात सगळ्या सायकली पुण्याच्या शोरूमला जायला लागल्या. तिथल्या मुलाने पुस्तिकेतला आकडा भरला. मीटर दगडांच्या जरा जवळ आले आणि मी शहाणा ठरलो.

मिस्त्रींनी दुकान बंद केलं आणि एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले.

वर्षभराने त्याच रस्त्याने मोटारीतून दौंडला निघालो होतो. ओढ्याच्या पुलाशी चहाला थांबलो, तर शेजारी जुना डांबरी रस्ता वळण घेऊन बाभळीत शिरलेला. टपरीवाला म्हणाला, "नव्या रस्त्यानं दोन वळणं काढली, पर दगड व्हते त्येच पुन्हा रवले." परतताना मोटारीच्या मीटरवर तेच वीस किलोमीटर मोजले. सहाशेच्या आसपास कमी. मिस्त्रींचा फेरा बरोबर होता.

मी गेटवर गेलो. मिस्त्री गणवेशात होते, कान मोकळा होता. हात जोडून म्हणालो, "चुकलो मिस्त्री. रस्ताच कमी झालाय."

"मला ठावं हाय. म्या गेल्तो मोजाया, तवाच." मग माझ्या मागे कोणी आहे का ते त्यांनी पाहिलं. "सर, बोलला तवा पाच जणं व्हता. आज एकलंच आलाय व्हय?"

ग्रुपवर लिहितो, असं मी त्यांना सांगितलं. त्या संध्याकाळी लिहायला घेतलं, आणि आपलं हसं होईल म्हणून पुसलं. मग राहूनच गेलं. म्हणजे मी राहू दिलं.

गेल्या महिन्यात मिस्त्री गेले. ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला, कानावर खडू असलेला. खाली सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. सहाशे मीटरांचं तेव्हाही लिहिलं नाही.