कीर्तीच्या दुधाच्या दातांखाली

"खाली पक्के दात नाहीतच," अंबाजोगाईच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आमच्या कीर्तीचा ओपीजी उजेडाला धरला. ओपीजी म्हणजे दोन्ही जबडे एकदम दाखवणारा एक्स-रे. दुधाच्या दातांखाली पक्क्या दातांचे कोंब दिसायला हवेत. बऱ्याच ठिकाणी काहीच नव्हतं.

याला ऑलिगोडोंशिया म्हणतात. सहा किंवा जास्त पक्के दात मुळातच न घडणं.

मी धारूरला मोटारसायकली दुरुस्त करतो. कीर्तीचे पुढचे दोन दात पडेनात, म्हणून मीच दोरा बांधून ओढले आणि रीतीप्रमाणे शेणाच्या गोळ्यात घालून पत्र्यावर फेकले. नवे आलेच नाहीत. पोरगी शाळेत तोंडावर हात धरून बोलायला लागली.

"उरलेले दुधाचे दात जपा," मॅडम म्हणाल्या. मी तर दोन आधीच ओढून फेकले होते. तुमच्या लेकराचा दात वेळेवर पडत नसेल तर आधी एक्स-रे काढा, दोऱ्याचं नंतर बघा.

मग त्यांनी जनुकांचं सांगितलं. जनुक म्हणजे शरीर कसं घडवायचं याची आईबापांकडून आलेली सूचना. ती बिघडली की दाताचा कोंबच धरत नाही. माझ्यातला मेकॅनिक जागा झाला.

"मग ती सूचनाच दुरुस्त करता येत न्हाई का?"

"अजून नाही. पण थांबलेला दात उगवायला लावणारं औषध माणसांवर तपासायला लागलेत. जमेलच असं आज सांगता येत नाही. तोवर काढ-घाल करायचे दात देऊ, जबडा पुरता वाढला की हाडात स्क्रू घालून त्यावर पक्के बसवू."

घरात आणखी कुणाला आहे का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच बायकोकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बगता? तुमचाच वरचा दात बगा की, तांदळाएवढा हाय!"

मॅडमनी माझं तोंड तपासलं. खुरटलेला दातही त्यातलाच प्रकार असू शकतो, म्हणाल्या. बायकोला काय आनंद झाला!

माझी आईही सोबत आली होती. हसताना ती नेहमी तोंडाला पदर लावते. मी त्याला मर्यादा समजत आलो. तिनं पदर खाली घेतला.

"माजेबी हे दात कदी आलेच न्हाईत. याला नाव हाय व्हय, बाई?"

मॅडमनी नाव पुन्हा सांगितलं, अगदी सावकाश. त्यासाठी मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

कीर्ती आजीजवळ सरकली. "आजी, आ कर," म्हणाली आणि वाकून वाकून आत बघत राहिली.

आईच्या डोळ्यांना पाणी आलं. "मला वाटायचं, समद्या जगात माजंच असं हाय."